ताजमहाल हॉटेल आहे, पण गेटवे नाही: हे कार्ड कधीचं असेल?

माळ्यावरचा
वेंगुर्ल्याच्या आमच्या घराचा माळा साफ करताना पत्र्याच्या पेटीत एक रंगीत चित्राचं पोस्टकार्ड सापडलं. समोर अपोलो बंदर, ताजमहाल हॉटेल घुमटासकट पूर्ण दिसतंय, पण गेटवे ऑफ इंडिया नाही. पाठीमागे राखाडी तिकीट आणि मोडीत चार ओळी. शिक्क्यावर 'बॉम्बे' एवढंच लागतं. पणजोबा मुंबईला चाकरीला गेले होते, पण कोणत्या साली ते घरात कुणाला ठाऊक नाही. गेटवेची पायाभरणी १९१३ ची, म्हणजे कार्ड त्याआधीचं धरू का?

टपालवेडा
थांबा, असं नका धरू. पायाभरणी ३१ मार्च १९१३ ची खरी, पण कमान पुरी व्हायला १९२४ उजाडलं. मधली कितीतरी वर्षं तिथे फोटोत दिसावी अशी कमान नव्हतीच. ताज उघडलं डिसेंबर १९०३ मध्ये, तेवढा एक टोक पक्का.

आता कार्ड उलटं करा. सगळे चित्राचाच फोटो टाकतात, पण अर्धी हकीकत पाठीवर असते. तिकिटावर राजा कोण आहे? एडवर्ड की पाचवे जॉर्ज? मधोमध उभी रेघ आहे का? पूर्वी पाठ फक्त पत्त्यासाठी असायची आणि मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहायचे. ब्रिटनमध्ये १९०२ साली पाठीवर मजकुराला परवानगी मिळाली, आपल्याकडे त्यानंतर. आणि कडेला बारीक अक्षरांत छपाई कुठली लिहिलीय तेही बघा.

माळ्यावरचा
जॉर्ज राजा. तिकीट तीन पैचं. रेघ आहे. कडेला इंग्रजीत 'प्रिंटेड इन जर्मनी'.

टपालवेडा
मग बरंच उलगडलं. जॉर्ज राजाची तिकिटं डिसेंबर १९११ पासूनची, त्याआधी कार्ड टाकलेलं असू शकत नाही. तीन पै म्हणजे पाव आणा, कार्डाचा तेव्हाचा दर. जर्मनीचा माल १९१४ च्या ऑगस्टात लढाई पेटल्यावर बंद झाला, म्हणून छपाई त्याआधीची. मात्र दुकानदार जुना साठा पुढे वर्षानुवर्षं विकत, तेव्हा फोटो, छपाई आणि टपाल अशा तीन तारखा वेगळ्या धरा. माझा अंदाज, १९१२ ते १४ च्या आसपास टाकलेलं. रंगांवर मात्र भरवसा ठेवू नका. काळ्या-पांढऱ्या फोटोवर ते छापखान्यात चढवत, आणि रंगवणाऱ्याने मुंबई पाहिलेलीही नसे.

माझ्याकडे काळा घोड्याचं असंच कार्ड आहे. मधोमध घोड्यावरचा सातवा एडवर्ड, बाजूने घोड्यांची ट्राम. विजेची ट्राम मे १९०७ मध्ये सुरू झाली, तेव्हा फोटो त्याच्या आधीचा. १९६५ साली तो पुतळा राणीच्या बागेत हलवला, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वडिलांनी मला खांद्यावर बसवून तो जागेवर उभा असताना दाखवला होता. चोरबाजारात हे कार्ड हाती आलं तेव्हा त्यांचा खांदाच आठवला.

तुमचं कार्ड कृपा करून लॅमिनेट करू नका, चिकटपट्टीही लावू नका.

मोडीलेखक
ओळी लागल्या. दुसरीतला एक शब्द शाईने फुटलाय, बाकी असं:

"तीर्थस्वरूप मातोश्रीस साष्टांग नमस्कार. बोटीने सुखरूप पोचलो. गिरगावात … खोली मिळाली. चित्रातले मोठे घर हॉटेल आहे, पुढे समुद्र, पण आपल्यासारखी वाळू नाही."

'वाळू' वर मी बराच अडलो. 'ळ' चा उकार पुढच्या अक्षरात गुंतलाय, पण दुसरं काही बसत नाही.

माळ्यावरचा
दोघांचे आभार कसे मानू! आजी त्यांची धाकटी लेक. तिला आत्ताच वाचून दाखवलं. वाळूची ओळ तिने तीनदा वाचायला लावली. मग म्हणाली, आमच्या घरामागे पाच मिनिटांवर समुद्र होता, बाबा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे.

शिक्का उन्हात तिरपा धरला की एक आकडा दिसल्यासारखा वाटतो. उद्या सकाळी फोटो काढून टाकतो.