मदत हवी आहे: शाळेच्या हीट पंपासाठी जमीन परत तापवायची कशी?

इंग्लंडमधल्या एका जुन्या शाळेत गॅस बॉयलरच्या जागी 120 किलोवॉटचा ग्राउंड सोर्स हीट पंप (जमिनीतली उष्णता खेचून इमारत तापवणारं यंत्र) बसवायचाय. सीओपी (एक युनिट विजेमागे मिळणारी उष्णता) 4 धरला तर 90 किलोवॉट जमिनीतून. बोअरच्या दर मीटरला 40 वॉटच्या हिशेबाने 100 मीटरच्या 23 बोअर, 6 मीटर अंतरावर. रेडिएटर 80 अंशांच्या पाण्याचे, 50 वर जेमतेम 40 टक्के उष्णता देतील. ते बदलतोच आहोत.

अडलंय ते असं, की शाळा जमिनीतून उष्णता फक्त काढते, परत काही देत नाही. बोअरफील्ड (बोअर असलेली जमीन) वर्षागणिक गार पडत जातं, आणि भर उन्हाळ्यात नेमकी सुट्टी! मे ते जुलै फॅन कॉइलने (पंखा आणि पाण्याची नळी असलेलं युनिट) वर्ग थंड करून ती उष्णता खाली सोडणं पुरेल, की छतावर ड्राय कूलर (बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन बोअरमध्ये सोडणारा पंखेवाला रेडिएटर) लावावाच? कुणाकडे अशी यंत्रणा चालू असेल तर चौथ्या-पाचव्या हिवाळ्यात बोअरमधून येणाऱ्या ग्लायकॉलचं (नळ्यांत फिरणाऱ्या, न गोठणाऱ्या द्रवाचं) तापमान किती राहतं, तेवढं कळवा.