मदत हवी आहे: कोकणातला माणूस, अकोल्याचा उन्हाळा आणि वरच्या मजल्यावरची खोली

घामट_चिपळूणकर

मंडळी, डिसेंबरात बदली होऊन अकोल्याला आलो. थंडी झकास गेली, हुरडा खाऊन झाला, संत्री खाऊन झाली. मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकला आणि बँकेतले सगळे म्हणायला लागले, "हे काहीच नाही साहेब, मे येऊ द्या." हे धीर द्यायला म्हणतात की घाबरवायला, ते अजून कळलेलं नाही.

आधीच सांगून टाकतो, मला उन्हाळा आवडत नाही. चिपळूणलाही आवडत नव्हता. आंबा, फणस, सुट्टी हे सगळं मान्य करूनही नाही आवडत. दुपारी डोकं चालत नाही, रात्री झोप नाही, आणि मग दिवसभर ज्याच्यात्याच्यावर खेकसत बसतो. पण तिकडचा उन्हाळा ओळखीचा होता. घाम यायचा, दोनदा आंघोळ केली की निभायचं. इथे घाम दिसतच नाही. ओठ फुटलेत, डोळे चुरचुरतात, परवा गाडीवरून उतरलो तर घोळणा फुटलेला.

अडचणी अशा आहेत. भाड्याची जागा वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. रात्री अकरालाही छताकडून धग येते. एसी लावायचा तर घरमालक म्हणतात जुनी वायरिंग आहे, लोड झेपणार नाही. कूलर घेतला, खिडकीत बसवला, खोली नीट बंद करून चालवतो. पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, मग नुसती चिकचिक. नळाला पाणी रोज येत नाही, बाकी सगळं बोअरवर. काम बँकेचं असलं तरी आत्ता पीककर्जाचे दिवस, त्यामुळे तेल्हारा, अकोट, बाळापूरकडच्या गावांत मोटारसायकलवर फिरावं लागतं. रजा मागायची सोय नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आई मे महिन्यात यायचं म्हणतेय. सत्तरी ओलांडलेली आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. येऊ द्यावं का?

कृपया "सवय होईल" एवढंच लिहू नका.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, काहून एवढे भिता? पण सवय होईल असं मी बी म्हणत नाही. आमी इथंच जन्मलो, आमाले अजून झाली नाही.

कोकणातली रीत पहिले सोडा. तुमच्याकडं दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवतात, वारा आला पाह्यजे म्हणून. इथं सकाळी आठ-नऊ वाजले का खिडक्या बंद, पडदे ओढून घ्याचे, ते ऊन उतरल्यावरच उघडाचे. दुपारचा वारा म्हणजे वारा नसते, झळ असते. रात्री मात्र सगळं उघडून टाकाचं.

गाडीवर जाताना पांढरा सुती दुपट्टा पाह्यजेच. डोकं, कान, नाक, तोंड सगळं बांधाचं, वरतून गॉगल आन् हेल्मेट. निघताना दुपट्टा ओला करून पिळून घ्या. आरशात दरोडेखोर दिसाल, पण बँकेचा माणूस आला म्हणल्यावर लोकं तसेही दचकतेच. गावांचं काम सकाळी अकराच्या आत उरकाचं. शेतकरी पहाटेच उठलेला राह्यते, तुमी सात वाजता गेले तरी भेटते. बारा ते चार जिथं असाल तिथं सावलीत बसा. कोणी ना कोणी पन्हं नाही तर मठ्ठा देतेच, नको म्हणू नका.

खिशात कांदा ठेवतेत लोकं. मी बी ठेवतो. त्यानं काही होते का थे विचारू नका, माह्या आजीनं सांगतलं होतं म्हणून ठेवतो.

ऋतुरंग

प्रत्येक ऋतूचं आपलं सौंदर्य असतं हो. मोगरा, गुलमोहर, बहावा बघा जरा! मन आनंदी ठेवलं की ऊन जाणवत नाही.

पाना_पक्कड

ऋतुरंग, त्यांच्या स्लॅबला जाणवतं ना.

चिपळूणकर, तुमची चिकचिक कुठून येते ते तुमच्याच पोस्टमध्ये आहे. एसी आतलीच हवा फिरवून गार करतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलरचं उलट. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून (बाजूंना बसवलेल्या पॅडमधून) ओढतो, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं आणि गार पण दमट हवा आत येते. ती कुठून तरी बाहेर जायला हवी. खोली बंद असेल तर दमटपणा साठत जातो आणि घाम सुकत नाही. कूलरचं तोंड जिकडे आहे त्याच्या समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. झळ आत येईल ही भीती नको, कूलर आतून हवा ढकलत असतो, त्यामुळे त्या फटीतून हवा बाहेरच जाते. मात्र कूलरची पाठ खिडकीबाहेर मोकळ्या हवेत हवी.

कोरडी हवा हीच तुमची कमाई आहे. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर बरा कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. चिपळूणला ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत तोच कूलर जेमतेम चार-पाच अंश उतरवेल. म्हणून तुमच्याकडे कूलरला कुणी विचारत नाही आणि विदर्भात तो घरटी असतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की इथेही तो निकामी, तेव्हा नुसता पंखा लावा.

वायरिंगचं म्हणाल तर घरगुती कूलर साधारण २०० वॉटच्या आसपास खातो, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या घरात. मालकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण कूलरला अर्थिंग पक्कं हवं, तीन पिनचाच प्लग हवा. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात. टाकीत पाणी भरताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपसून काढायचा. ओल्या पायांनी हात लावायचा नाही.

आता तुमचं बोअरचं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेला भाग, तुमच्या शेजारीच आहे. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि ताटीवर पांढरा थर बसतो. मग हवा ओढली जात नाही, मोटर तापते, आणि लोक म्हणतात कूलर खराब निघाला. टाकीत नुसती भर घालत राहू नका. दर तीन-चार दिवसांनी तळाचं सगळं पाणी सोडून द्या, त्यानेच फरशी पुसा. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करायचीच, कारण डेंगीचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. हनीकोंब ताट्या (मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या) टिकतात जास्त, पण क्षाराच्या पाण्यात लवकर बुजतात. तुमच्या पाण्याला लाकडाच्या बारीक तंतूंच्या साध्या ताट्या बऱ्या. स्वस्त असतात, दरवर्षी बदलून टाकायच्या.

घामट_चिपळूणकर

पाना_पक्कड, आत्ताच समोरचं दार उघडून बघितलं. फरक आहे, चांगलाच आहे. दुकानदाराने हे का सांगितलं नसेल? ताटीवरचा पांढरा थरही आहे, मला वाटलं होतं रंग उडतोय.

वऱ्हाडी_ठेचा, दुपट्टा आणतो. कांद्याचं बघू.

स्लॅबचं काही करता येईल का? भाड्याची जागा आहे हे लक्षात घ्या.

विटा_सिमेंट

येईल, आणि फार खर्चही नाही. काँक्रीट दिवसभर तापत राहतं आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. म्हणून तुम्हाला रात्री अकराला धग येते. तेव्हा पंखा लावलात की पंखा छताला चिकटलेली गरम हवाच खाली लोटतो. उपाय वरून करायचा, खालून नाही.

गच्चीवर चुन्याचे दोन-तीन हात द्या. चुना भिजवून गाळून घ्यायचा, त्यात थोडा डिंक किंवा पांढरा गोंद घातला की पायाला लागत नाही. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, स्लॅब मुळात कमी तापतो. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या भीषण लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा झाला आणि पुढे तिथे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम याच तत्त्वावर झालं. तयार रंगही मिळतात, पण भाड्याच्या घराला चुना बास. पावसात धुऊन जाईल, मालकांची तक्रार नाही.

त्यापेक्षा भारी म्हणजे शेडनेट. हिरवी जाळी बांबूंवर गच्चीच्या तीन-चार फूट वर ताणायची. स्लॅबला टेकवून अंथरू नका, मधून वारा गेला पाहिजे. वादळी वाऱ्याच्या दिवसांत दोऱ्या तपासत जा, नाहीतर जाळी शेजारच्या आळीत सापडेल.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात ते खरं आहे, पण तुमच्याकडे पाण्याची बोंब. कपडे विसळलेलं पाणी ठेवून तेच मारा. आणि शक्य असेल तर सरळ गच्चीवरच झोपा. बाज आणि मच्छरदाणी घ्या. मध्यरात्रीनंतर अकोल्याची हवा खरोखर उतरते.

आखाती_पाहुणा

मी दुबईत. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. बँकेच्या साहेबाला दाखवा हे. (काही उपयोग होणार नाही, पण दाखवा.)

वॉर्ड_नं_६

मी परिचारिका आहे, विदर्भातल्याच एका रुग्णालयात. तुमच्या आईबद्दल लिहिते.

मे मध्ये आणू नका. वाईट वाटेल, पण फोन करून सांगा. वयाबरोबर तहान लागल्याचं लवकर कळत नाही, घामही कमी येतो. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही गोळ्या लघवी जास्त करवतात, त्यात ही कोरडी हवा आणि वरचा मजला. त्या येणारच असतील तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना नेमकं विचारा की उन्हाळ्यात डोस बदलायचा का, पाणी किती प्यायचं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. आमच्याकडे दर मे महिन्यात असं कुणीतरी येतंच.

आता तुमचं. "घाम दिसत नाही" म्हणालात ना, तो येतो, फक्त कोरड्या हवेत लगेच उडून जातो. म्हणून पाणी किती गेलं ते कळत नाही. लघवीचा रंग बघत जा, गडद पिवळी म्हणजे कमी पडतंय. साध्या पाण्याबरोबर मीठही जायला हवं. ताक, पन्हं, ज्वारीची आंबील, सगळं चालेल. ओआरएस घेतलंत तर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेलं पाकीट घ्या. खोक्यातली गोड फळपेयं त्याच नावाने विकली जायची, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. काहीच नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चमच्याने मोजून. घोळण्याचं म्हणाल तर नाकपुडीला आतून खोबरेल किंवा साजूक तूप लावा. फुटलाच तर मान पुढे वाकवून नाक दहा मिनिटं चिमटीत धरा. मान मागे टाकायची नाही.

हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम हवाच मारतो. तेव्हा अंग ओल्या कपड्याने पुसत राहा किंवा कूलरसमोर बसा.

आणि हे वाचून विसरू नका: गाडीवर असताना चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर तिथेच थांबा, सावली आणि मीठ-साखरेचं पाणी घ्या. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जातोय, अंग भाजतंय, तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

चिडचिडीबद्दल: झोप न झाल्याने माणूस चिडतोच. काही लोकांना मात्र दर उन्हाळ्यात ठरल्यासारखी उदासी येते, भूक जाते, झोप उडते. हिवाळ्यातल्यापेक्षा कमी आढळते, पण असते. झोप सुधारूनही तसंच राहिलं तर डॉक्टरांशी बोला. मोगरा बघून ती जात नाही.

ऋतुरंग

बरं बाबा, मोगरा मागे घेतला. पण कैरीचं पन्हं तरी राहू द्या.

वऱ्हाडी_ठेचा

पन्हं राहू द्या, गुळाचं करा.

आईले जूनच्या शेवटी आणा. इकडच्या शाळा बी तवाच उघडतेत, उन्हापायी. २५ मेच्या आसपास नवतपा लागते, सूर्य रोहिणीत जाते म्हणून नऊ दिवस लय तापते म्हणतेत. तेवढे दिवस त बाहेरगावचा पाहुणा कोणीच बोलवत नाही.

घामट_चिपळूणकर

सगळ्यांचे आभार. आईला फोन केला. "मला काय होतंय, मी चिपळूणचं ऊन काढलंय" असं ऐकून घेतलं. मग हवामान खात्याचा निकष सांगितला: किनाऱ्यावर ३७ अंश झाले आणि ते नेहमीपेक्षा साडेचारने जास्त असले की उष्णतेची लाट, इकडे मैदानात ४० पासून पुढे तोच हिशोब, आणि ४५ झाले तर थेट लाट. नागपूरने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ बघितलेत, तेही सांगितलं. त्यावर म्हणाली, "मग तूच इकडे ये." तूर्त जुलै ठरलाय, डॉक्टरांना विचारून.

घरमालक चुन्याला हो म्हणाले, चुना माझा, मजुरी त्यांची. शेडनेटला नाही, वरच्या टाकीचं काम निघणार आहे म्हणे. गावांचा दौरा सकाळी सातचा करून घेतला, शाखाप्रमुख आधी हसले, आता स्वतःही येतात.

उन्हाळा अजूनही आवडत नाही, ते असू दे. एक शेवटचं: वाळ्याच्या ताट्या या पाण्यावर चालतील का? दुकानात वास घेतला आणि मोह झाला.

पाना_पक्कड

चालतील, पण वाळा कुजतो लवकर आणि क्षार बसले की वासही जातो. एका बाजूला वाळा, उरलेल्या दोन बाजूंना साध्या ताट्या, असं करा. दुकानदाराला चौकटीचं माप द्या, भरून देतो. आणि वाळ्याचा कचरा पंपात जाणार नाही यासाठी पंपाला जुना मोजा बांधा.