श्रावणात दारू एकदम सोडणाऱ्यांबद्दल
'जो श्रावण कडक पाळतो त्याला व्यसन नाहीच, सगळा मनाच्या निश्चयाचा खेळ' असं वर दोघांनी लिहिलंय. कधीमधी घेणाऱ्याबद्दल ठीक आहे. पण ज्याला रोज सकाळपासून लागते त्याने एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. कॉलेजातल्या व्यसनमुक्तीच्या भाषणांत (खराब यकृताचं ते एक चित्र दाखवतात, झालं) हे मी तरी कधी ऐकलं नाही.

माझ्या थोरल्या मामांनी गटारीला शेवटची घेतली. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की बशीतला चहा लुंगीवर. आम्ही म्हटलं, होईल कमी. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या मुंग्या झाडत बसले. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मामी म्हणाली बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा लावला, त्यात रात्र गेली. सकाळी डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेवटची कधी घेतली?" शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि २ ते ४ दिवसांत हा भ्रम, घाम, ताप. मेंदूला दारूच्या गुंगीची सवय झालेली असते, ती अचानक काढली की तो बेफाम सुटतो. मामांना त्यासाठी शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करत आणली, सोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. त्यामुळे रोज पिणाऱ्याने सोडायच्या आधी डॉक्टरांना गाठावं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी टोल-फ्री नंबरही आहे.