जोखमीचा एकच आकडा? आमच्या रीडेव्हलपमेंटचं घ्या

गिरगावकर:
म्युच्युअल फंडाच्या सल्लागाराने दहा प्रश्न विचारून माझ्या जोखमीचा आकडा काढला आणि मला ‘धाडसी’ ठरवलं. त्याच आठवड्यात चाळीच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली, तिथे माझा हातच वर होईना. घर मोठं हवंय आणि पझेशनही लवकर, आई ७९ची आहे. हे एका आकड्यात कसं बसणार?

समजा, नाणं उडवायचंय.
पहिला डाव: छापा आला तर मोठं घर, तेही तीन वर्षांत. काटा आला तर लहान घर, तेही आठ वर्षांनी.
दुसरा डाव: छाप्याला मोठं पण आठ वर्षांनी, काट्याला लहान पण तीन वर्षांत.

घर आणि वेळ सुटे सुटे मोजले तर दोन्ही डाव सारखेच, सगळं निम्मं-निम्मं. तरी मी दुसराच घेईन, एक काहीतरी पदरात पडतं. संशोधक स्कॉट रिचर्ड यांनी १९७५मध्ये यालाच अनेक निकषांमधली जोखीम टाळण्याची वृत्ती म्हटलं. प्रश्नावलीत हे येतं कुठे?

आठअठरा_फास्ट:
अहो, ती प्रश्नावली गुंतवणुकीपुरती. सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा नियम आहे म्हणून घेतात, तिच्यात चाळ कशाला शोधताय?
आणि मी तर पहिला डाव घेईन. आजी असताना मोठं घर मिळालं तर मजा, ती गेल्यावर जास्तीच्या खोलीत काय, माळ्यावरचं सामान ठेवू? म्हणून मी धाडसी ठरलो का? मला दोन्ही एकत्रच हवंय, इतकंच. तुम्ही आवड मोजताय आणि तिला जोखीम म्हणताय.

गिरगावकर:
नाव काहीही द्या हो. घराचं वेगळं, वेळेचं वेगळं विचारलं असतं तर तुमच्या-माझ्यातला हा फरक दिसला असता का?

सोलापूरची_लेक:
दोघंही कागदावरच नाणी उडवताय! कृषी अर्थतज्ज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी सोलापूर-अकोल्याकडच्या आणि तेव्हाच्या आंध्रातल्या खेड्यांत खरे पैसे देऊन असा जोखमीचा, फक्त पैशांचा खेळ केला, १९८०मध्ये छापला. पर्यायांच्या एका टोकाला नाण्याचं काहीही पडो, ५० रुपये नक्की. दुसऱ्या टोकाला शून्य नाहीतर २००. रक्कम वाढली तसे बहुतेक जण मधल्या पर्यायांवर आले, गरीब काय नि सधन काय. नुसत्या तोंडी उत्तरांवर मात्र भरवसा ठेवता येईना. आता आठ वर्षं प्रयोगात खरी कशी द्यायची, ते सांगा.

गिरगावकर:
रविवारी रीडेव्हलपमेंटवर मतदान आहे. काल आईला दोन्ही डाव नीट समजावले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “संडास घरात असेल ना?”