मदत हवी आहे: अण्णांच्या पाठीवरची चरबीची गाठ काढावी का राहू द्यावी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव माजलगाव तालुक्यात. वडिलांना (वय ५८) उजव्या खांद्यामागं, फऱ्यावर एक गाठ आहे. बऱ्याच वर्षांची आहे, पण शर्टाखाली कळत नव्हती आणि दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. यंदा सोयाबीनवर फवारणी करताना पाठीवरच्या पंपाचा पट्टा नेमका तिच्यावर बसायला लागला. संध्याकाळी अण्णा खांदा चोळत बसायलेत. टेपनं मोजली तर चार सेंटिमीटरच्या आसपास भरते. मऊ आहे, बोटानं दाबली की बाजूला सरकते. वरची कातडी नेहमीसारखीच आहे, तोंड नाही, पू नाही.

गावातल्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि चरबीची गाठ आहे, काही होत नाही म्हणाले. घरात मात्र तीन तऱ्हा. आईला कॅन्सरची धास्ती. चुलते म्हणायलेत, शेजारच्या वस्तीवर एक जण बिब्बा घालतो, त्यानं गाठ जिरते. अण्णांचं म्हणणं, उगं छेडू नका, चाकू लागला की गाठ चिघळते आणि अंगभर पसरते. त्यांना शुगर आहे, गोळी चालू आहे.

जिरवायचं काही औषध असतं का? काढायचीच म्हटली तर कुणाकडं जायचं, पूर्ण भूल देतात का? फोटो टाकत नाही, अण्णांना आवडणार नाही.

सिस्टर_निवृत्त

दादा, बाकी काहीही करा, पण बिब्बा घालू देऊ नका. सर्जरी वॉर्डात नोकरी केली आहे, बिब्बा उतलेले पेशंट बघितले आहेत. त्याच्या तेलानं कातडी भाजते, पाण्यानं भरलेले फोड येतात, ते फुटले की खाली लालभडक जखम. शुगरवाल्या माणसाची अशी जखम लवकर भरत नाही. आणि गाठ असते कातडीच्या खाली, ती तिथंच राहते. वर जखमेचा वण बसला की पुढं तपासणाऱ्या डॉक्टरलाही हाताला नीट अंदाज येत नाही. चुलत्यांना हे शांतपणे समजावून सांगा, ते काळजीपोटीच बोलत असतील.

सर्जन_लातूरकर

हात न लावता निदान होत नसतं, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

तुम्ही सांगितलेली लक्षणं लायपोमाची, म्हणजे चरबीच्या साध्या गाठीचीच वाटतात. चरबीच्या पेशी पातळ आवरणात गोळा होतात आणि गाठ वर्षानुवर्षं सावकाश वाढते. चाळिशी ते साठीच्या दरम्यान जास्त दिसते. पाठ, खांदे, मान, दंड, मांड्या या नेहमीच्या जागा. साध्या लायपोमाचा सहसा कॅन्सर होत नाही. चरबीचा कॅन्सर वेगळा असतो, त्याला लायपोसारकोमा म्हणतात. वरून दोन्ही सारखे वाटू शकतात, म्हणून काही गोष्टी बघाव्या लागतात: गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का, काही महिन्यांत झपाट्यानं वाढली का, कडक किंवा खाली चिकटलेली आहे का, कारण नसताना दुखते का, स्नायूच्या आत खोल आहे का. यातलं काही असेल तर एमआरआय आणि गरज पडल्यास सुईनं तुकडा घेऊन तपासणी करतात. तुमच्याकडं आधी साधी सोनोग्राफी करून घ्या. पट्ट्यामुळं दुखायला लागली असेल तरी तेही डॉक्टरांना सांगा, कारण लायपोमाच्या एका प्रकारात रक्तवाहिन्या जास्त असतात आणि तो मुळातच दुखरा असतो.

जिरवणारी गोळी किंवा लेप नाही. वजन कमी केलं तरी ही गाठ उतरत नाही. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे. पण पंपाचा पट्टा घासत असेल तर काढून टाकणं बरं. कातडीलगतची गाठ तेवढीच जागा बधिर करून काढतात, पेशंट बोलत असतो आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जातो. आवरणासकट पूर्ण निघाली तर त्याच जागी परत होण्याची शक्यता कमी. चाकू लागला म्हणून ती पसरत नाही, अण्णांना माझ्या वतीनं सांगा. वण राहतो, कधी आत रक्त किंवा पाणी साठतं, क्वचित जंतुसंसर्ग होतो. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा, आईची शंका तिथं कायमची मिटेल.

पाटोदा_एक्सप्रेस

माझ्या मामांची गाठ होमिओपॅथीच्या गोळ्यांनी गेली. डोळ्यांनी बघितलंय.

सर्जन_लातूरकर

गेली असेल, पण ती चरबीची होती का? गळू आपोआप बसतं, अवधाणही (इन्फेक्शनमुळं जांघेत-काखेत सुजणारी गाठ) इन्फेक्शन ओसरलं की उतरतं. आधी निदान, मग औषधाचं श्रेय.

उस्मानाबादी_शेळी

आमच्या भावाच्या हातांवर, पोटावर अशा कितीतरी आहेत. वडिलांनाही होत्या, डॉक्टर म्हणाले काही घराण्यांत असतं हे. टेबलावर टेकताना कोपराजवळची एक टोचायची, तेवढीच काढली. बाकीच्या आहेत तशा आहेत. सगळ्या काढत बसलो तर अंगभर वणच वण.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. आंबेजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सर्जरीच्या ओपीडीत दाखवून आलो. सोनोग्राफीत कातडीखालीच आहे, स्नायूत नाही, लायपोमाच दिसतो असं आलं. घाई नाही म्हणाले, पण पट्टा घासतो म्हणून काढू. अण्णा आता फक्त तारखेवर अडून बसलेत: सोयाबीन काढणी झाल्यावर. चालेल का? शुगरच्या गोळीचं काय करायचं?

सर्जन_लातूरकर

रिपोर्ट असा असेल तर काढणीपर्यंत थांबायला हरकत नसावी. मधेच भराभर वाढली किंवा कडक लागली तर मात्र लगेच दाखवा. शुगर आधी आटोक्यात आणा. गोळीचं त्या दिवशी काय करायचं ते ऑपरेशन करणारे डॉक्टर सांगतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही त्यांना आधीच दाखवा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. पाठीचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, पण टाके निघाले म्हणजे लगेच ओझं उचलायचं असं नाही. रब्बीची पहिली फवारणी दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

गोदाकाठ

ती चुलत्यांच्या गळ्यात घातली आहे. बिब्ब्याचा सल्ला त्यांचाच होता.

सिस्टर_निवृत्त

बरं केलंत. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की इथं लिहा, आणि तो कागद फाइलला लावून जपून ठेवा.