बाथरूममधला मोठा कोळी आणि रीलमधला कोलांट्या मारणारा कोळी एकच का?

खारघर_चौथामजला: काल रात्री बाथरूमची लाइट लावली तर गीझरमागे तळहाताएवढा चपटा कोळी, जाळंबिळं काही नाही, चप्पल उचलेपर्यंत सर्रकन खिडकीतून गायब. त्यात पोराने रील दाखवली, वाळवंटातला कोळी कोलांट्या मारत पळतोय आणि खाली लिहिलंय हंट्समन. आता पोरगा आंघोळीलाच जात नाही. आमचापण उडेल का अंगावर? विषारी असतो का?

नेरुळकर७७: अहो तो हेटेरोपोडा व्हेनाटोरिया असणार, म्हणजे घरात दिसणारा हंट्समन, आमच्या सोसायटीतपण आहेत. झुरळं खातो, फुकटचं पेस्ट कंट्रोल! मादी पोटाखाली अंड्यांची चपटी पिशवी धरून फिरते. अगदी दाबलात तर चावेल, दुखेल, पण जिवाला धोका नाही. चप्पल ठेवा, डबा आणि जाड पुठ्ठा घ्या.

येऊरचा_भटक्या: खानदान एक, दोघंही हंट्समन, पण गाव वेगळं. रीलमधला बहुतेक सेब्रेनस रेखेनबर्गी, मोरोक्कोच्या एर्ग चेब्बी नावाच्या वाळूच्या टेकड्यांमधला. सेब्रेनसच्या बाकीच्या जातीपण उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व अशा कोरड्या भागातल्याच. हा दिवसा वाळूत उभं बीळ करून आत बसतो, आणि वाळू ढासळू नये म्हणून आतून रेशमाचं अस्तर, म्हणजे जाळं विणत नाही पण धागा असा वापरतो, मला तर कोलांटीपेक्षा हेच भारी वाटतं. बाहेर पडतो रात्री. कोलांटी फक्त जिवावर बेतल्यावर, कारण त्यात जाम दमतो. पण स्पीड पळण्याच्या जवळपास दुप्पट, सेकंदाला २ मीटरपर्यंत. बर्लिनचे प्रोफेसर इंगो रेखेनबर्ग यांना तो सापडला, त्यांनी त्यावरून रोबोटपण बनवला, आणि २०१४ मध्ये कोळ्यांचा अभ्यासक पीटर येगरने जातीला त्यांचंच नाव दिलं.

ठाणे_वेस्ट: मी पाहिलेला तर चाकासारखा गोल होऊन उतारावरून गडगडत गेला??

येऊरचा_भटक्या: तो नामिबियाचा, कारपॅराक्नी. तोपण हंट्समनच, पण त्याला उतार लागतो, मागे गांधीलमाशी लागली की सोडतो स्वतःला. सेब्रेनस पायांनी जोर लावतो म्हणून सपाटीवर, चढावरपण जमतं त्याला.

खारघर_चौथामजला: थँक्यू मंडळी. पोराला सगळं वाचून दाखवलं, आता बाथरूममध्ये जातो पण बाहेरच येत नाही, टॉर्च घेऊन गीझरमागे शोधत बसतो. बायको म्हणते आधीचंच बरं होतं.