शेवट स्वतः ठरवणारी पात्रं: पाहताना तुम्ही कुणाच्या जागी होतात?

आपलं मरण कसं यावं हे पात्रानंच ठरवलंय, असा चित्रपट पाहिला की आमच्या घरी वाद होतो: त्यानं केलं ते बरोबर की चूक? त्या वादात खोलीतली बाकीची माणसं विसरली जातात. मला त्यांच्याबद्दल ऐकायचं आहे. पाहताना तुम्ही कुणाच्या जागी होतात, ते लिहा. शेवट उघड झाले तरी चालतील.

माझा चित्रपट 'द सी इनसाइड' (२००४). रामोन साम्पेद्रो हा स्पेनमधला खराखुरा माणूस. १९६८ साली समुद्रात सूर मारताना त्याची मान मोडली, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. पुढे जवळजवळ तीस वर्षं अंथरुणात, आणि इच्छामरणासाठी कोर्टात लढाई. हावियेर बार्देमनं तो इतका मिस्कील आणि समंजस उभा केलाय की त्याचं म्हणणं सहज पटतं. मी मात्र त्याच्या वहिनीपाशी अडकले. मानुएला. त्याची कूस बदलणं, पुसणं, भरवणं सगळं तिच्याकडे, आणि त्याला जायचं आहे हेही तिला ठाऊक. सासऱ्यांचं दुखणं मी काढलंय. 'मला सोडव' असं ते म्हणायचे तेव्हा माझ्या हातात औषधाचा चमचा असायचा. मानुएला फार बोलत नाही, ते मला अगदी खरं वाटलं.

*

साम्पेद्रोच्या चित्रपटाला ज्या रात्री ऑस्कर मिळालं, त्याच रात्री 'मिलियन डॉलर बेबी' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. मी व्हीलचेअर वापरतो. बॉक्सर मॅगी मानेखाली लुळी पडते, व्हेंटिलेटरवर असते आणि तिला मरायचं असतं, इथवर मी तिच्यासोबत होतो. पण तिचा प्रशिक्षक फ्रँकी एकदा व्हीलचेअरचा आणि कॉलेजचा विषय काढतो, तो तेवढाच. पुनर्वसन नाही, समुपदेशन नाही, अशा अवस्थेत वर्षानुवर्षं जगणारं दुसरं कुणी भेटायला येत नाही. अमेरिकेत अपंगांच्या संघटनांनी निषेध केला तो यासाठीच. शुद्धीवरच्या रुग्णाला व्हेंटिलेटर नाकारण्याचा हक्क तिथे तेव्हाही होता, मग फ्रँकीनं रात्री लपून तो बंद करण्याची गरज काय होती? थिएटरात माझ्या मागे लोक रडत होते. माझ्यासारखं जगणं म्हणजे मरणाहून वाईट, हे त्यांनी किती सहज मान्य केलं होतं! त्याचा राग अजून आहे.

*

मी मरणपंथाला लागलेल्या रुग्णांची शुश्रूषा करते. 'आमूर' (२०१२) बद्दल लिहिते. पुन्हा दवाखान्यात नेऊ नकोस, असं आजारी ॲन नवऱ्याकडून, झॉर्झकडून, वचन घेते. ती तिची निवड, आणि तो ती पाळतो. पण शेवटी उशी हातात घेतो तो झॉर्झ. तो क्षण तिनं निवडलेला नाही, आणि लोक दोन्ही एकच समजतात. तो थकलेला आहे, एकटा आहे, मुलीलाही दूर ठेवतो. वेदना आणि श्वासाची धाप कमी करणारे उपचार घरीही देता येतात. पडद्यावर ते जवळपास कधीच दिसत नाहीत. एक तर यातना, नाहीतर मरण, एवढंच दाखवतात. माझ्या कामात बराचसा दिवस या दोहोंच्या मधल्या जागेत जातो.

*

मी 'टेस्ट ऑफ चेरी'मधल्या बदीईच्या जागी होतो. इराणी दिग्दर्शक कियारोस्तामीचा, १९९७ चा. तो आजारी असल्याचं कुठे दिसत नाही, आणि त्याला मरायचं का आहे हे चित्रपट सांगत नाही. मेल्यावर आपल्यावर माती टाकणारा माणूस शोधत तो गाडी फिरवत राहतो. त्या काळात मलाही कारण सांगता येत नव्हतं. गाडीत बसलेला म्हातारा त्याला तुतीची गोष्ट सांगतो: तो स्वतः एकदा मरायला निघाला होता आणि तुती चाखून परत फिरला. त्या तुतीनं मी बरा झालो असं मुळीच नाही. मी बहिणीला सांगितलं, तिनं डॉक्टरांकडे नेलं, औषधं लागू पडली. असाध्य आजारातला निर्णय आणि माझ्यासारखी अवस्था या वेगळ्या गोष्टी आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणी तिथे असेल तर आजच कुणाला तरी सांगा.

*

'प्लॅन ७५' (२०२२). जपानमध्ये ७५ च्या पुढच्यांना सरकारच मरणाची सोय करून देतं, अशी कल्पना. मिचीची सफाईची नोकरी जाते, घर मिळत नाही, मग ती अर्ज भरते. तिनं निवडलं म्हणायचं का? मी तरी नाही म्हणणार.

*

माझ्या आईनं पुढची केमो नको म्हटलं. म्हणून 'द रूम नेक्स्ट डोअर'मधली (२०२४) इन्ग्रिड मला जवळची. आपला शेवट ठरवलेली मैत्रीण तिला फक्त एका घरात सोबत राहायला सांगते, आणि नंतर पोलिसांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं ते इन्ग्रिडला. आईचा निर्णय कायद्यात बसणारा होता, तरी नातेवाइकांनी उलटतपासणी घेतली ती माझीच. शुश्रूषा करणाऱ्या ताईंना विचारायचं आहे: घरच्या सगळ्यांना एकत्र बसवून हे आधी कसं बोलता? आणि रुग्णानं स्वतःच्या तोंडून सांगावं, की तुम्ही सांगता?